'काम' या शब्दाचे अर्थ : मराठी चित्रपट-अभिनेत्रींच्या आत्मकथनांचा एक विचार

मराठीत नटाने 'अभिनय केला' असे म्हणण्यापेक्षा त्याने 'काम केले' असे म्हणण्याची रीत जुनी आहे. संगीत नाटकाच्या काळात अमक्याने सिंधूचे काम केले, तमक्याने सुधाकराचे, असेच बोलले जाई. बोलपट आला तेव्हा हा प्रयोग त्याच्याकडेही चालत आला. या प्रयोगात 'काम' म्हणजे भूमिका. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ श्रम आणि रोजगार असा आहे, आणि स्त्रीच्या संदर्भात त्याला आणखी एक तिसरी छटा आहे : घरातले, न संपणारे आणि कोणी न मोजलेले काम. चित्रपटात काम करणाऱ्या स्त्रियांनी आपली हकीकत सांगितली तेव्हा हे तिन्ही अर्थ एकमेकांत मिसळलेले त्यांच्यापुढे होते. त्यांच्या आत्मकथनांचे वाचन मात्र आजवर बहुधा चौथ्याच अंगाने झाले. ती 'कबुली' म्हणून वाचली गेली.

शांता आपटे यांचे 'जाऊ मी सिनेमांत?' (१९४०), हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' (१९७०), स्नेहप्रभा प्रधान यांचे 'स्नेहांकिता' (१९७३), लीला चिटणीस यांचे 'चंदेरी दुनियेत' (१९८१), दुर्गा खोटे यांचे 'मी दुर्गा खोटे' (१९८२) आणि शांता हुबळीकर यांचे 'कशाला उद्याची बात' (१९९०) ही या वाङ्मयातील प्रमुख पुस्तके होत. यादी पूर्ण नाही. पण पन्नास वर्षांचा पट तिच्यातून दिसतो. या पुस्तकांचा उल्लेख आत्मचरित्राच्या इतिहासांत 'धीटपणा', 'प्रांजळपणा', 'बेधडक निवेदन' या विशेषणांनिशी होतो. ही विशेषणे खोटी नाहीत, परंतु ती निवेदिकेच्या खाजगी आयुष्याला उद्देशून असतात. लग्न, प्रेम, व्यसन, विच्छेद यांविषयी ती किती मोकळेपणाने बोलली, या मापाने पुस्तकाची उंची ठरते. वस्तुतः या संहितांचा कणा दुसराच आहे. करार कोणी केला, पैसे कोणाच्या हाती आले, घर कोणाच्या कमाईवर चालले आणि काम थांबवण्याचा अधिकार कोणाला होता, हे प्रश्न त्यांत इतक्या सातत्याने येतात की त्यांना आनुषंगिक तपशील मानता येत नाही. ही मिळवत्या स्त्रीची आत्मकथने आहेत आणि त्या नात्याने ती वाचली तर त्यांची घडण, त्यांतील मौने आणि त्यांची भाषा यांचा अधिक नीट उलगडा होतो.

या प्रश्नाची पार्श्वभूमी थोडक्यात सांगितली पाहिजे. १९१३ साली दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला तेव्हा तारामतीसाठी स्त्री मिळेना. अखेर मुंबईतील एका उपाहारगृहात नोकरीला असलेले अण्णा साळुंके वाढीव पगारावर तारामती झाले. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई (पुढे गोखले) पडद्यावर आल्या, तरी 'घरंदाज' स्त्रीला हे दार बराच काळ बंदच राहिले. १९३२ साली प्रभात कंपनीने आपला पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' काढला, आणि तारामतीचे तेच काम सॉलिसिटर लाड यांच्या कन्येने, सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकलेल्या दुर्गा खोटे यांनी केले. एकोणीस वर्षांत उपाहारगृहातील नोकरापासून गिरगावातील श्रीमंत घरापर्यंत झालेला हा प्रवास चित्रपटाच्या इतिहासात प्रतिष्ठेची चढती कमान म्हणून सांगितला जातो. त्यातला समान धागा सहसा दुर्लक्षित राहतो. साळुंके जसे पगारासाठी आले तशाच दुर्गाबाईही मिळवण्याची गरज निर्माण झाल्यामुळे आल्या. (ज्या कथेत राजा आपल्या राणीला भर बाजारात विकतो त्याच कथेतील राणीचे काम दोघांच्याही वाट्याला यावे, हा योगायोग मानावा.)

मोबदल्याला मराठीत जे शब्द आहेत त्यांतही हा सामाजिक इतिहास गोठलेला आहे. कलावंतिणीला मिळे ती 'बिदागी'. तीत यजमानाची मर्जी आणि निरोप देण्याचा भाव दोन्ही होते. स्टुडिओच्या व्यवस्थेने 'पगार' आणला. प्रभात, बॉम्बे टॉकीज यांसारख्या संस्थांत नट-नटी मासिक वेतनावर बांधलेले असत, आणि कारकून वा सुतार जसा कामावर येई तसेच तेही येत. पुढे सुशिक्षित वर्ग या व्यवसायात रुळल्यावर 'मानधन' हा शब्द पुढे आला. त्यात मान आधी आणि धन मागून येते. या तीन शब्दांपैकी आत्मकथनकार स्त्री कोणत्या शब्दाच्या छायेत उभी आहे, यावर तिच्या निवेदनाचा सूर पुष्कळ अंशी अवलंबून असतो. 'बिदागी'च्या परंपरेतून आलेल्या हंसा वाडकरांना पैशाविषयी बोलताना संकोच वाटत नाही. दुर्गा खोटे यांना त्याच गोष्टीला कर्तव्याचे अस्तर लावावे लागते.

शांता आपटे यांच्या पुस्तकापासून आरंभ करणे योग्य ठरेल, कारण ते कालदृष्ट्या पहिले आहे आणि आत्मचरित्राच्या व्याख्येत सर्वांत कमी बसते. त्याचे शीर्षकच एक प्रश्न आहे, आणि तो प्रश्न लेखिकेचा नाही. सिनेमात जाऊ इच्छिणाऱ्या तरुण मुलीने वा मुलाने वडीलधाऱ्यापुढे भीत भीत टाकलेला तो प्रश्न आहे. उत्तर देणारी स्त्री त्या वेळी अवघी चोवीस वर्षांची होती आणि कीर्तीच्या शिखरावर होती. 'अमृतमंथन' (१९३४), 'अमरज्योती' (१९३६), 'कुंकू' (१९३७) आणि 'गोपाळकृष्ण' (१९३८) हे चित्रपट तिच्या नावावर होते. अशा नटीने लिहिलेल्या पुस्तकाकडून वाचक आठवणींची अपेक्षा करणार हे उघड आहे. पुस्तक ती अपेक्षा पुरी करीत नाही. त्याचा रोख या धंद्याच्या चिकित्सेकडे आहे : भांडवल कोणाचे, राबणारे कोण, शरीर आणि आवाज हे ज्याचे साधन आहे त्याची झीज कोणी भरून द्यायची, नवख्याची फसगत कशी होते. आत्मचरित्राच्या सूचींत या पुस्तकाचे नाव कधी असते तर कधी नसते, यामागे हेच कारण असावे. आपल्या वाङ्मयप्रकाराच्या कल्पनेत 'मी'च्या भावना म्हणजे आत्मचरित्र. 'मी'च्या श्रमाचे विश्लेषण म्हणजे मात्र माहितीपर पुस्तक. ही विभागणी किती टिकाऊ आहे हे तपासून पाहण्यासारखे आहे.

पुस्तकाच्या आदल्या वर्षी घडलेली घटना ध्यानात घेतली की ते अधिक स्पष्ट होते. १९३९ च्या जुलैत प्रभात कंपनीशी कराराबाबत मतभेद झाल्यावर शांता आपटे यांनी पुण्यातील स्टुडिओच्या फाटकाशी उपोषण आरंभिले. तत्कालीन वृत्तपत्रांना त्यात एका लहरी नटीचे नाट्य दिसले. परंतु कामाच्या ठिकाणी फाटकाशी बसणे आणि अन्न वर्ज्य करणे ही त्या दशकातील राजकीय व कामगार चळवळीची भाषा होती. ती एका नटीने उच्चारली इतकेच. देबश्री मुखर्जी यांनी 'बॉम्बे हसल' (२०२०) या इंग्रजी ग्रंथात शांता आपटे यांच्या थकव्याचा आणि या लेखनाचा विचार चित्रपटातील श्रमाच्या चौकटीत केला आहे. मराठीच्या अभ्यासकांनी तो आधी करायला हवा होता, कारण पुस्तक मराठीत आहे. 'कुंकू'तील नीरा जरठ नवऱ्याशी लावून दिलेले लग्न मनाने मान्य करीत नाही, ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून घेतलेल्या त्या भूमिकेचे कौतुक आजही होते. तीच नटी दोन वर्षांनी कंपनीचा करार न पटल्याचे सांगते तेव्हा मात्र तिला 'तापट' म्हटले जाते. ज्या आवारात हे उपोषण झाले तेथे पुढे १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, ही नोंद जाता जाता करावी.

दुर्गा खोटे यांचे आत्मचरित्र या मालिकेत सर्वांत संयत आहे. शीर्षकात प्रथम 'मी' आणि लगेच पूर्ण नाव, हा थाट दस्तऐवजाचा आहे. प्रतिज्ञापत्राचा आरंभ असाच होतो. मराठी स्त्रीच्या आत्मकथनाची परंपरा पाहता हे साधे नव्हे. रमाबाई रानडे यांच्या पुस्तकाचे नाव 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) असे आहे. तेथील 'आमच्या'मध्ये पतीचे चरित्र हा मुख्य विषय असून लेखिका त्याच्या छायेत उभी आहे. बहात्तर वर्षांनंतर 'आमच्या'च्या जागी 'मी' येतो, आणि तो येण्याचे कारण केवळ काळ बदलला हे नव्हे. दुर्गाबाईंच्या जीवनात पतीच्या कर्तृत्वाची छाया मिळण्याची सोय नव्हती. सासरची सांपत्तिक स्थिती ढासळलेली, पदरी दोन लहान मुलगे, आणि पुढे पतीचे अकाली निधन, अशा परिस्थितीत त्यांनी काम धरले. पहिला चित्रपट 'फरेबी जाल' (१९३१); त्यात काम लहानसे होते, पण त्यावरून गिरगावात जी नालस्ती झाली ती लहान नव्हती. लाड-खोटे घराण्यांतील स्त्री पडद्यावर आली याचा बोभाटा झाला. तिला मिळवावे का लागले हा प्रश्न त्या बोभाट्यात बुडून गेला. 'अयोध्येचा राजा'ने ही नालस्ती पुसून टाकली, कारण तारामती सती होती. भूमिकेचे पावित्र्य नटीच्या अंगाला लागते ही समजूत आपल्या प्रेक्षकांत खोलवर होती आणि कंपन्यांनी तिचा जाणीवपूर्वक उपयोग केला. मीरा, सीता, कैकेयी अशा भूमिका ओळीने येत गेल्या.

या आत्मचरित्राचा वाचक तारामतीपाशी थबकतो. त्यात खरे लक्ष देण्याजोगे काय असेल तर ते दुर्गाबाईंचे कंपन्यांशी असलेले नाते. एका स्टुडिओशी बांधून घेण्याच्या काळात त्या कोल्हापूर, कलकत्ता, पुणे, मुंबई अशा फिरत राहिल्या. प्रभातनंतर देवकी बोस यांच्या दिग्दर्शनाखाली 'राजरानी मीरा' (१९३३) आणि 'सीता' (१९३४) केले, मग पुन्हा प्रभातमध्ये 'अमरज्योती'. १९३७ साली 'साथी' या चित्रपटाची निर्मिती केली. १९५२ मध्ये फॅक्ट फिल्म्स ही लघुपटांची संस्था काढली. पुढे दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सच्या नावाने जाहिरातपट आणि दूरदर्शन-मालिका झाल्या. १९८८ साली दूरदर्शनवर गाजलेली 'वागळे की दुनिया' ही याच संस्थेची. म्हणजे पगारी नटीपासून स्वतः पगार देणारीपर्यंतचा हा पन्नासाहून अधिक वर्षांचा क्रम आहे. १९८३ च्या दादासाहेब फाळके पुरस्काराने जिचा गौरव झाला ती 'थोर अभिनेत्री' सर्वांना परिचित आहे. उद्योजक स्त्री तितकी परिचित नाही. स्वतःच्या निवेदनातही दुर्गाबाई या दुसऱ्या बाजूला कर्तबगारी म्हणत नाहीत, जबाबदारी म्हणतात. ही भाषा त्यांच्या वर्गाची आहे. मिळवण्याचा आनंद उघड मान्य करणे घरंदाज स्त्रीला शोभत नाही, म्हणून तो मुलांच्या शिक्षणाच्या, घराच्या आणि निकडीच्या वेष्टनात येतो. शांता गोखले यांच्या इंग्रजी अनुवादामुळे (२००६) हे पुस्तक मराठीबाहेर पोचले. तेथील वाचकांना मूळातील हा आवरता सूर कितपत जाणवतो, हा अनुवादविचाराचा वेगळा विषय होईल.

स्नेहप्रभा प्रधान आणि लीला चिटणीस यांच्या पुस्तकांचा विचार येथे एकाच मुद्द्यापुरता केला आहे. दोघीही शिकलेल्या, दोघीही बॉम्बे टॉकीजच्या पडद्यावर चमकलेल्या. 'स्नेहांकिता' हे शीर्षक पत्राच्या अखेरच्या सहीसारखे आहे आणि पुस्तकातील मानी, दुखावलेला सूर त्याला साजेसा आहे. किशोर साहू यांच्याशी झालेल्या आणि अल्पावधीत मोडलेल्या विवाहाची हकीकत वाचकांनी त्यात प्रथम शोधली हे ओघानेच आले. लीला चिटणीस यांच्या बाबतीत मात्र काळाचा हिशेब पाहण्यासारखा आहे. पदवीधर, नाट्यमन्वंतरच्या वातावरणात वाढलेली ही अभिनेत्री पतीपासून वेगळी झाल्यावर चार मुलांचे पोट भरण्यासाठी चित्रपटात आली. 'कंगन' (१९३९), 'बंधन' (१९४०) आणि 'झूला' (१९४१) या चित्रपटांत ती अशोककुमार यांची नायिका होती. १९४८ च्या 'शहीद'मध्ये ती दिलीपकुमार यांची आई झाली आणि १९५१ च्या 'आवारा'त राज कपूर यांची. तिचे जुने नायक अशोककुमार १९४९ च्या 'महल'मध्ये मधुबालाचे नायक होते, आणि मधुबाला त्यांच्याहून बावीस वर्षांनी लहान होती. नायिकेच्या कामाची मुदत दहा वर्षांचीही नसते. त्यानंतर तेच शरीर निम्म्या मोलाने 'आई' म्हणून वापरले जाते, असे कोणी म्हटले तर त्याला केवळ तक्रार म्हणता येणार नाही. हिंदी चित्रपटातील पांढऱ्या पातळातल्या, खोकणाऱ्या आईची प्रतिमा घडवण्याचे श्रेय लीलाबाईंना दिले जाते. ती प्रतिमा त्यांनी निवडली होती का, हा प्रश्न मात्र 'चंदेरी दुनियेत' वाचताना मनात राहतो. त्यांचे निधन २००३ साली अमेरिकेत झाले.

आता 'सांगत्ये ऐका'. या वाङ्मयातील हे सर्वांत गाजलेले आणि बहुधा सर्वांत चुकीचे वाचले गेलेले पुस्तक आहे. 'माणूस'मधून ते प्रथम आले; शब्दांकन अरुण साधू यांचे. १९७० साली राजहंस प्रकाशनाने ते ग्रंथरूपात काढले, आणि पुढच्याच वर्षी, पन्नाशीही न गाठता, हंसा वाडकर गेल्या. शीर्षक १९५९ च्या अनंत माने दिग्दर्शित तमाशापटाचे आहे. पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात हा चित्रपट १३१ आठवडे चालला. त्या काळच्या प्रथेप्रमाणे नटनटीचा मोबदला ठरीव रकमेचा असे. खेळ किती आठवडे चालला याच्याशी त्याचा संबंध नसे. म्हणजे जे नाव निर्मात्याला आणि थिएटरवाल्याला इतके फळले ते नटीच्या वाट्याला आले ते पुस्तकाचे शीर्षक म्हणून.

'सांगत्ये' हे बोलीतले स्त्रीलिंगी रूप आहे, आणि 'ऐका' हे आज्ञार्थी. पुस्तकाची सारी घडण या दोन क्रियापदांत आहे. समोर ऐकणारा आहे, निवेदन त्याच्याकडे पाहून चालले आहे, मधूनच ते पुढे उडी मारते, मागे वळते. साधूंच्या शब्दांकनाने ही लय मोडली नाही, हा त्या संहितेचा मोठाच गुण. शब्दांकित आत्मकथनात 'मी' नेमका कोणाचा, हा प्रश्न समीक्षेने उपस्थित केला आहे आणि तो रास्त आहे. पण तो प्रश्न हंसा वाडकरांच्या बाबतीत जितक्या अहमहमिकेने विचारला जातो तितका एखाद्या पुढाऱ्याच्या शब्दांकित आत्मचरित्राबाबत विचारला जात नाही. जसबीर जैन आणि शोभा शिंदे यांच्या इंग्रजी अनुवादाचे (२०१३) शीर्षक 'यू आस्क, आय टेल' असे आहे. मूळ शीर्षकात सांगणारी आपण होऊन सांगते व ऐकणाऱ्याला ऐकायला लावते. अनुवादात विचारणारा आधी येतो. कबुलीचा साचा शीर्षकात शिरतो तो असा.

या निवेदनाचा आरंभ पैशापासून होतो हे विसरले जाते. रतन साळगावकर ही मुलगी वयाच्या बाराव्या वर्षाच्या आसपास 'विजयाची लग्ने' (१९३६) मध्ये कामाला लागली, ती घरात मिळवते कोणी उरले नव्हते म्हणून. साळगावकर हे नाव पडद्यावर नको म्हणून 'वाडकर' लावले गेले. घर तिच्या कमाईवर चालावे पण घराचे नाव तिच्या कामाला लागू नये, ही व्यवस्था नावातच नोंदलेली आहे. लवकरच लग्न झाले. लग्नानंतर काम सोडून घर करावे ही तिची इच्छा होती. पण नवऱ्याचा धंदा बसल्यावर पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभे राहणे आले. येथून पुढे 'संत सखू' (१९४१), 'रामशास्त्री' (१९४४), 'लोकशाहीर रामजोशी' (१९४७), 'पुढचं पाऊल' (१९५०) अशी यशाची रांग लागते, आणि निवेदनात मात्र घर करण्याची इच्छा पुनःपुन्हा उगवत राहते. वाचकाला हा अंतर्विरोध वाटतो. एवढी मनस्वी स्त्री आणि तिला चूल हवी? यात विरोध नाही. ज्या स्त्रीला काम करायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार कधीच मिळाला नाही, तिला 'घर' म्हणजे तो अधिकार मिळण्याची जागा वाटते. सुशिक्षित स्त्रीच्या आत्मकथनात घराबाहेर पडणे हे मुक्तीचे चिन्ह असते. हंसा वाडकरांच्या आत्मकथनात ते बारा वर्षांच्या मुलीवर लादलेले असते. स्त्रीमुक्तीचा एकच आराखडा सर्व संहितांवर ठेवला की ही उलटी दिशा दिसेनाशी होते.

मराठवाड्यातील खेड्याचा प्रसंग या दृष्टीने कळीचा आहे. भरात असलेली नटी एका गृहस्थाबरोबर निघून जाते आणि त्याची तिसरी बायको म्हणून सुमारे तीन वर्षे त्याच्या वाड्यात राहते. तेथे तिला हवे होते ते घर मिळाले; फक्त त्यातून बाहेर पडण्याची मुभा नव्हती. कॅमेऱ्यासमोरच्या कामाला निदान मोल होते, येथल्या कामाला तेही नाही. सुटका होते तीही निर्मळपणे नव्हे. ज्या न्यायाधिकाऱ्यापुढे सुटकेसाठी जावे लागले त्याच्याकडूनच अत्याचार झाला, असे ती सांगते; आणि ते ज्या कोरड्या वेगाने सांगते त्याकडे समीक्षेचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. विलाप नाही, विशेषणे नाहीत. या कोरडेपणाला कोणी कलात्मक संयम म्हणेल. तो राबणाऱ्या माणसाचा, पुढच्या दिवशीच्या कामाकडे पाहण्याचा संयम आहे असे म्हणणे संहितेच्या अधिक जवळ जाईल.

श्याम बेनेगल यांच्या 'भूमिका' (१९७७) या चित्रपटाला या पुस्तकाचा आधार आहे. अभ्यासक्रमांत दोन्हींची जोडी लावली जाते आणि विद्यार्थी बहुधा चित्रपटाच्या चष्म्यातून पुस्तक वाचतात. मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचण्यापासून सुरुवात केलेल्या स्मिता पाटील यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बेनेगल, गिरीश कार्नाड आणि सत्यदेव दुबे यांच्या पटकथेलाही मिळाला. चित्रपट श्रेष्ठ आहे यात वाद नाही. पण त्याचे शीर्षकच अर्थ बदलून टाकते. 'सांगत्ये ऐका'तील क्रियापदांच्या जागी 'भूमिका' हे नाम आले, आणि बोलणारी स्त्री पाहिली जाणारी स्त्री झाली. चित्रपटातील उषा स्वतःचा शोध घेत एका पुरुषाकडून दुसऱ्याकडे जाते आणि शेवटी एकटी उरते. केशव, राजन, सुनील, काळे अशी चार पुरुषांची चौकट तिच्याभोवती उभी केली आहे. खेड्यातील वाडा चित्रपटात आहे, न्यायाधिकाऱ्याचा प्रसंग नाही. करार आणि पैसा केशवच्या व्यक्तिरेखेतून येतात, आणि तेथे अमोल पालेकर यांनी रंगवलेला मिंधा, हिशेबी नवरा फार नेमका आहे. तरीही एकंदर भर अस्मितेच्या शोधावर आहे. पुस्तकातील स्त्रीला अस्मितेच्या शोधाची चैन क्वचितच परवडते.

ही पुस्तके शिकवताना एक तुलना उपयोगी पडेल. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' (१९८६) आणि एकूण दलित आत्मकथने यांच्यामुळे आत्मकथन हा सामाजिक दस्तऐवज असतो, त्यातील भूक, मजुरी, अंगमेहनत हे तपशील वाङ्मयीन दृष्ट्या मध्यवर्ती असतात, हे मराठी समीक्षेने मान्य केले. त्यासाठी तिला आपले निकष बदलावे लागले. अभिनेत्रीच्या आत्मकथनासमोर मात्र ती जुन्या निकषांनिशीच उभी राहते, कारण नटीच्या दारिद्र्यावर आणि श्रमावर विश्वास ठेवणे जड जाते. झगमगाटाचा समज फक्त प्रेक्षकांचा असतो असे नव्हे. दोन्ही अनुभव समान आहेत असा याचा अर्थ नाही. जातीने लादलेल्या श्रमाची जात वेगळीच आहे. परंतु कलावंत घराण्यांतील मुलींवर लादलेल्या कामाचाही जातीशी संबंध आहे, आणि हंसा वाडकर व दुर्गा खोटे यांच्या सुरांतील अंतर स्वभावभेदाने स्पष्ट होत नाही, ते याच संबंधाने स्पष्ट होते. संशोधनाच्या दृष्टीने स्टुडिओंची करारपत्रे आणि पगारपत्रके जेथे उपलब्ध होतील तेथे ती या संहितांशेजारी ठेवून वाचली पाहिजेत.

शांता हुबळीकर यांचे पुस्तक या मालिकेत शेवटी येते. 'माणूस' (१९३९) या चित्रपटातील मैनेचे त्यांचे काम आणि तिचे गाणे महाराष्ट्राच्या तोंडी इतके बसले की पन्नास वर्षांनी आलेल्या आत्मकथनालाही त्या गाण्याचेच शब्द शीर्षक म्हणून घ्यावे लागले. स्वतःचे नाव विसरले गेल्यावरही गाणे ओळखीचे होते. धारवाडकडची राजम्मा पुण्यात येऊन शांता हुबळीकर झाली, परक्या भाषेत मोठी नटी झाली, आणि उत्तर आयुष्यात तिला वृद्धाश्रमाचा आधार घ्यावा लागला. १९९० साली पुस्तक आले, १९९२ साली त्या गेल्या. उद्याची काळजी कशाला, असे पडद्यावर गाणाऱ्या स्त्रीच्या वृद्धापकाळाची तरतूद प्रभातच्या किंवा इतर कोणत्या स्टुडिओच्या करारात नव्हती; मासिक पगार काम असेपर्यंतचा होता. दैनंदिन मालिकांच्या आजच्या व्यवसायात तोही राहिलेला नाही. तेथे मोबदला दिवसावर ठरतो, आणि मालिकेतील व्यक्तिरेखा संपली की दिवसही संपतात. त्या अभिनेत्रींच्या मुलाखती विपुल आहेत. त्यांत भूमिकेविषयी विचारले जाते, वेशभूषेविषयी विचारले जाते. करार वाचून सही केली होती का, हे क्वचितच कोणी विचारते.